सोमवारचं दळण

सोमवारी पेठ बंद असते, माझी गिरणीही.
त्या दिवशी मी डोक्यावरून अंघोळ करतो,
मिशी दोनदा साबणानं धुतो,
ईदचा शर्ट घालतो
आणि बहिणीच्या परसातल्या खोलीत जातो दळायला.
बहीण म्हणते, भाईजान, नवरदेव निघाला की काय.

गंगावेशीत एकतीस वर्षं दळतोय.
गहू माझ्या भुवयांत आहे, पासबुकात आहे,
चहाच्या कपावर सायीसारखा धरतो.
त्याच्यावर दोन पोरींची लग्नं केली.
तो कुणाच्या पोटात सुरीसारखा फिरेल
असं कधी मनात आलं नव्हतं.

हावळांची शर्वरी बोलायला लागली तेव्हापासून
धान्याच्या काट्यावर चढून बसायची.
"मामा, मी किती?"
सतरा.
दिवाळीला सतरा, पाडव्याला सतरा,
पुढच्या दिवाळीला सोळा नऊशे.
काट्यात खोट आहे गं, म्हणायचो मी.
आणि तिच्या आईला सांगायचो,
ताई, गव्हाचं सत्त्व चारा पोरीला.
दोन किलो खास गहू बारीक दळून फुकट दिला होता मी.
फुकट.

मग रक्त तपासलं, आतड्याचा तुकडा तपासला,
आणि कालिंदीताई दवाखान्यातून थेट गिरणीत आल्या,
अंबाबाईलाही न जाता.
"नायकवडी, वाचा हे."
सीलिअॅक. मी तीनदा वाचलं, तिन्ही वेळा वेगळं.
खालचं मात्र कळलं, खाली माझाच धंदा लिहिला होता.

गहू बंद. म्हणजे रवा बंद, मैदा बंद,
शेवया, लापशी, मिसळीबरोबरचा पाव.
सातूही बंद.
मी हळूच विचारलं, आणि खपली?
शुगरवाले नेतात, हलकी असते म्हणून.
ताई म्हणाल्या, खपली गव्हाची सख्खी बहीण.
आडनाव बदललं म्हणून रक्त बदलतं होय?
हिंगाची डबी उलटी केली तर मागं मुंगीएवढं लिहिलेलं: मैदा.

शाळू चालतो. बाजरी, नाचणी, मका चालतो.
वरी, राजगिरा, शिंगाडा: उपासाची अख्खी फळी चालते.
तांदूळ तर आजऱ्याचा घनसाळ असो नाहीतर रेशनचा.
आणि डाळी सगळ्या.
मला वाटलं, मग आहे की बक्कळ!

महिन्यानं ताई परत आल्या.
"नुसती भाकरीच देते हो. तरी दुखतंय."
मी शाळूचं पीठ चिमटीत धरून उजेडात पाहिलं.
पांढरं. निर्दोष. आईच्या दुधासारखं.
मग दगडाकडं पाहिलं.
तिच्या शाळूच्या आधी जगदाळ्यांचे वीस किलो गहू गेले होते.
त्याच दगडाच्या टाक्यांत, त्याच टोपात, त्याच चाळणीत.
दगड खरवडला, झाडला, दोन पायली तांदूळ वाया घालवून दळला.
तरी बोट फिरवलं की बोटाला गहू.

तेव्हा हे छोटं जातं घेतलं, हप्त्यावर.
याच्या तोंडाला गहू कधी लागला नाही,
लागणार नाही.
चाळणी नवी, डबे नवे, झाडूसुद्धा नवा.
लक्ष्मीपुरीतून शाळू आणतो तो आधी ताटात पसरतो,
एक एक दाणा बघतो.
गव्हाचा दाणा सापडला की उचलून
खिशात नाही, दाराबाहेर टाकतो. चिमण्यांना चालतो.

यंदा ईदला शेवया तांदळाच्या केल्या.
खीर जरा गिचका झाली.
शर्वरीनं दोन वाट्या खाल्ल्या,
तिची आई आधी पातेल्यात वाकून बघत होती,
मग नाही बघितलं.

काटा घासून इकडं आणलाय.
ती बसते. मी वजनं लावतो.
अठरा दोनशे.
कमी की जास्त, डॉक्टर सांगतील,
मी एकदा पारड्याखाली बोट घालून बघतो
कुठं अडकलंय का काही.

ती उतरते, माझ्यापासून दोन हात लांब थांबते,
शिकवलंय तिला तसं,
आणि विचारते,
"मामा, आज मिशी धुतलीय न्हवं?"