एकोणीस सेकंद

मंगळवारी रात्री अकरा ते एक.
दांडिया बाजारात तिसऱ्या मजल्यावरचं आमचं स्टेशन,
भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले.
लिफ्ट बंद, म्हणून रेकॉर्डांची पिशवी
दर मजल्यावर हात बदलत आणते.
माझ्याआधी रक्तदाब, कापसाचे भाव, भजनं.
माझ्यानंतर काहीच नाही.

यादी मी करत नाही.
पहिली तबकडी कुठली ते जिना ठरवतो.
गुडघा कुरकुरला तर ट्रॉम्बोन.
दुसरी, पहिली ज्या सुरावर लोंबकळत राहील तिथून:
सॅक्सोफोनवाल्याचा दम संपतो,
आणि नेमक्या त्याच पट्टीत
चार व्हायोलिनं एकमेकींशी भांडायला उठतात.
कुणाला कळतही नाही
न्यूयॉर्कचं तळघर संपलं कुठे
आणि हेलसिंकीचा बर्फ लागला कुठे.

यंत्रावर बसलेला हितेन म्हणतो,
बेन, आ तो वासण पड्यां.
पडू देत की. कुठलं आधी पडलं, ते ऐक.

ऐकणारे किती? हितेनच्या हिशेबाने चार.
त्यातली एक त्याची आई.
सिग्नल म्हणे विश्वामित्रीच्या पुलापर्यंतच नीट जातो,
त्यापुढे मगरी.

तर गेल्या मंगळवारची गोष्ट.
फत्तेगंजच्या नर्गिसबाई दारूवालांनी घर विकलं तेव्हा
रद्दीच्या तराजूतून वाचवलेली एक पियानोची रेकॉर्ड.
पाकिटावर बारीक अक्षरांत:
मधे पंचेचाळीस सेकंद काही नाही.
बिघाड समजू नये.

पण आमच्या कपाटात एक संगणक आहे.
वीस सेकंद त्याला काही ऐकू आलं नाही
की तो धरून चालतो, निवेदक मेला,
आणि आपणहून गरबा लावतो.
तो बंद कसा करायचा, ते माहीत असलेला मुलगा
आता कॅनडात आहे.

पियानो थांबला.
सुई नुसती फिरत राहिली.
एक. दोन.
माइक उघडा ठेवून मी बसले,
हितेनने चहाचा पेला हवेतच धरलेला.
मालगाडी गेली असावी, काच थोडी थरथरली.
आठ, नऊ.
माझं पोट वाजलं, पण पोट संगणकाच्या हिशेबात नसतं.
सतरा.
अठरा.
एकोणीसला मी वहीचं पान उलटलं.

परत एकपासून.
या खेपेला एकोणीसला
बांगडी टेबलाच्या कडेला हलकेच लावली.
परत.
सातव्या सेकंदाला पियानो आला,
एकच सूर, खालचा,
जसं कुणी अंधारात पायरी चाचपावी.

फोन वाजला बारा चाळीसला.
सिस्टर ल्युसी परमार, सयाजीमधून,
काचेच्या पेट्यांचा वॉर्ड.
हळू बोलत होत्या.
तुम्ही मधे पान उलटलंत ना?
हो.
मग काहीतरी किणकिणलं.
हो, बांगडी.
किती सेकंदांनी?
एकोणीस, मी म्हटलं. वीसला यंत्र जागं होतं.

पलीकडे जरा वेळ गेला.
मी मोजला नाही.

आमच्याकडे पण वीसच, त्या म्हणाल्या.
सातव्या महिन्यातली बाळं श्वास घ्यायला विसरतात.
वीसला यंत्र ओरडतं.
मी त्याआधी तळव्याला टिचकी मारते.
मारली की आठवतं त्यांना.

मग म्हणाल्या,
पण सुरुवातीला ते भांडी पडल्यासारखं काय होतं?
ते नका लावत जाऊ.
तीन नंबर दचकतो.

बरं, म्हटलं.
शेवटची वीस मिनिटं नुसता डबल बेस लावला,
बोटाने वाजवलेला, सावकाश.
हितेनने विचारलं, नाव नाही सांगायचं?
पुढच्या मंगळवारी सांगू.

एकला कुलूप लावलं.
उतरताना पहिल्यांदाच पायऱ्या मोजल्या.
बावन्न.
पिशवी या हातातून त्या हातात.