चुना

माझ्या पिशवीत तीन गोष्टी कायम असतात:
मोठा पाना, लिंबूसत्त्वाची पुडी,
आणि एक छिन्नी, जिची धार कधीच गेली
पण चुन्याला तेवढी पुरते.

मी रिफ्की. गीझर दुरुस्त करतो.
आमच्या शहरात नळ सोडला की डोंगर येतो,
इतका बारीक दळलेला की पेल्यात दिसत नाही.
पेला उन्हात वाळला
की त्याची पावलं उमटतात.

नगरपालिकेच्या कागदावर लिहिलेलं असायचं:
कठीणपणा बेचाळीस फ्रेंच अंश.
फ्रेंच का, म्हणून प्रयोगशाळेतल्या पोरीला विचारलं.
ती म्हणाली, उस्ता,
अंश त्यांचे, दगड आपला.

साबण इथे फेसाला राजी नसायचा.
हरभरे रात्रभर भिजवा, सोडा घाला,
दुपारपर्यंत चुलीवर ठेवा,
तरी दाताखाली ओळख द्यायचे.
इझमीरहून आलेल्या सुना
आधी सासूला बोल लावायच्या, मग गॅसला,
मग हरभरे विकणाऱ्या जेलालला.
पाण्याचा संशय यायला
पहिलं बाळंतपण उलटायचं.

तेवीस वर्षं मी घराघरांतून चुना काढला
आणि बाजारात लोक म्हणाले, लावला.

मग यंदा वसंतात धरणाचं पाणी आलं.
महापौरांनी चौकातला नळ उघडला,
बँडवाल्यांनी एकच धून दोनदा वाजवली,
प्रयोगशाळेतल्या पोरीने आकडा वाचला: नऊ.
त्या रात्री गल्लीगल्लीत फेस.
बायका केस धुऊन गॅलरीत उभ्या,
स्वतःच्याच केसांना हात लावून बघत होत्या.
मी घरी जाऊन पुडी फडताळात ठेवली.
बायकोने विचारलं, आता काय?
म्हटलं, आता मिरच्या विकू.

अकराव्या दिवशी पहिला फोन.
न्हाव्याच्या दुकानात भिंत ओली.
मग बेकरीचं छत. मग शाळेचं तळघर.
मग मशिदीतली वझूची तोटी, तीही मागच्या बाजूने.
मी भिंत फोडली, पाइप कापला, आत बोट घातलं.
लोखंड कधीच चाळण झालेलं होतं.
भोकाभोकाला चुन्याचं ठिगळ होतं,
वर्षानुवर्षं, बिनबोभाट,
आणि मऊ पाणी ते हळूहळू चाटून नेत होतं.

ज्याला आम्ही शिव्या घातल्या
तोच पाणी धरून होता.
हे मी बेकरीवाल्याला सांगितलं.
तो म्हणाला, बिल किती ते सांग.

मेलाहत हानमचा पाइप मात्र शाबूत होता.
तिची तक्रार वेगळी. चहा.
चहा, उस्ता, नुसता रंगीत आहे.
त्याला मागे काही नाही.
तिने दुमजली किटली पुढे केली, अगदी नवी,
मुलाने जर्मनीहून आणलेली, आरशासारखी.
आम्ही दोघांनी एकेक घोट घेतला.
खरंच, मागे काही नव्हतं.

जुनी कुठे आहे?
कपाटाखालून तिने काढली. आतून पांढरी,
अंड्याच्या कवचाहून चौपट जाड,
तोटीकडे तर बोटही जाईना.
मी छिन्नी लावून एक खपली काढली.
कडेला रेघा होत्या, दाट, फिकट, पुन्हा दाट.
मला मोजायच्या होत्या, पण चष्मा घरी राहिला होता.
ती म्हणाली, ही जाड असेल ना,
तेव्हा आम्ही घरात सातजण होतो.

मी काही बोललो नाही.
असल्या गोष्टींत मला कळत नाही, मी गीझरवाला.

तिने खपली माझ्या हातातून घेतली,
नळाखाली धरली, पदराने पुसावी तशी
ओढणीच्या टोकाने पुसली,
आणि नव्या किटलीत टाकली.
टणत्कार झाला.

बस, म्हणाली. पाणी उकळायला वेळ आहे.