ओ

पुंता आरेनास. जुलै. सहाच्या आतच काळोख.
चौकात पालिकेनं दोर बांधलेत,
वारा सुटला की माणसांनी धरून चालायला.
दर गुरुवारी मी तो दोर धरून येते,
वही, घड्याळ आणि दहा लाकडी ठोकळे घेऊन.

वहीतला एक रकाना असा:
मुलानं हाक मारल्यापासून आई वळेपर्यंत
किती सेकंद.

नोएलिया जमिनीवर बसते, मी सांगितलं म्हणून.
दामियान अडीच वर्षांचा.
आई, बघ.
तीन. चार.
आई, बघ.
नऊ.
ती ठोकळ्याकडेच बघतेय खरं तर,
पण दुसऱ्याच कुणाची बोट
बंदरातून सुटताना बघावी तशी.
अकरा.
"छान," म्हणते.
शब्द बरोबर आहे. आवाज मागेच राहिलाय.

गेल्या महिन्यात दूध सांडलं तेव्हा
ती अशी ओरडली, की पोराच्या तोंडातला घास तसाच राहिला.
मग न्हाणीघरात जाऊन तिनं नळ सोडला,
बराच वेळ.
त्यासाठी वेगळा रकाना आहे.

शेगडीच्या कडेला ऊब धरणारे
इवले मोजे मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.
रात्री तीनला उठून
त्याच्या छातीवर हात ठेवून बघणंही नाही.
नवरा खेकड्यांच्या बोटीवर, नोव्हेंबरपर्यंत.
एकदा दारात म्हणाली,
"त्याचं हसू दिसतं हो मला.
माझ्यापर्यंत पोचत नाही.
मधे कुणीतरी उभं असतं,
आणि तीही मीच असते."

पोरगा रडत नाही.
ठोकळा तिच्या मांडीवर ठेवतो, लांब जातो,
थोड्या वेळानं येऊन बघतो, घेतला का.
नसला घेतला तर
दोघांच्या वाटचं एकटाच हसतो.
अडीच वर्षांच्या पोरानं
इतकं समजूतदार असू नये.

आज वाऱ्यानं तारा तुटल्या.
दिवा गेला, शेगडीचा निळा ठिपका तेवढा उरला.
घड्याळ दिसेना मला.
"आई?"
"ओ."

लगेच. श्वासाइतकं जवळून.
अंधारात तिला चेहरा करावा लागत नव्हता.
"आई?" "ओ रे."
"आई?" "ओ, इथेच आहे."
त्याला खेळ सापडला. किती वेळा हाक मारली
मी मोजलं नाही.

दिवे आले. ती होती तशीच, थकलेली,
पोर कुशीत, दोघांचे केस विस्कटलेले.
परत ठोकळे मांडले.
आई, बघ.
सात. आठ.

वीज गेली तर ते सत्र बाद धरायचं, असा नियम आहे.
मी बाद केलं.
दवाखान्याची तारीख सप्टेंबरची मिळालीय, तीही सांगितली.
तिनं कॅलेंडरवर लिहिली नाही,
पण चुकीचा आकडा मी म्हटल्यावर दुरुस्त केला.

निघताना दाराशी म्हणाली,
"दोर बांधलेत का अजून चौकात?"
"बांधलेत."
"लहान मुलाच्या हाताला पुरतात?"
"वाकवून धरला तर पुरतो."
तिनं शेगडीजवळचे मोजे उचलले,
हातात धरून उभी राहिली.