उतारा

कोपरखैरणेच्या धारण तलावाच्या कठड्यावरून
दोरीला बांधलेली बाटली खाली सोडते
तेव्हा वॉचमन विचारतो, "मॅडम, मासे?"
नाही म्हणते. गटार.
तो हसत नाही. रजिस्टरात 'हेतू'च्या रकान्यात
जरा थांबून लिहितो : पाणी.

बरोबरच आहे म्हणा.
त्यात जे आहे ते त्याला दिसत नाही, मलाही नाही.
गाळायचं, गरगर फिरवायचं, पुन्हा गाळायचं,
आणि काहीच उरलं नाही असं वाटतं
त्यातला एक थेंब
बशीतल्या जिवाणूंच्या दाट सायीवर ठेवून
घरी जायचं. वाटेत मेथी घ्यायची.
सकाळी सायीला भोकं पडलेली असतात,
टाचणीच्या डोक्याएवढी, लख्ख,
रात्रीतून कुणी एकाच घराण्याची माणसं
नावं वाचून उचलून न्यावीत तशी.

ही साय हसुराम कोळी यांच्या पायातली.
राहणार दिवाळे. डावा तळवा.
भरती-ओहोटीच्या चिखलात कालवाची धार लागली
त्याला अकरा महिने झाले.
साखर तीनशेच्या वर, पट्टी हिरवी,
आणि वास कुजका नव्हे, गोड,
उतू गेलेल्या द्राक्षांचा,
म्हणून जास्त भिववणारा.
रिपोर्टवर औषधांची उतरंड
आणि प्रत्येकापुढे तेच अक्षर : आर.
आर. आर. आर.
सर्जन म्हणाले, घोट्याच्या वरून काढू.
मथुराबाईंनी तिठ्यावर उतारा टाकून झाला होता,
भात, लिंबू, उकडलेलं अंडं.
मी तरी वेगळं काय करत होते?

नुसते ओतले असते ते जखमेवर
तर कापसात जिरून वाळले असते.
त्यांना ओली जागा लागते.
समुद्री शेवाळाची पूड पाण्यात घोटते,
कॅल्शियम पडलं की ती आवळून येते,
खरवसासारखी थरथरते,
दाबलं तर बोट परत करते.
जवळजवळ सगळं पाणीच,
फक्त एका जागी बसायला शिकवलेलं.
आत कोट्यवधी, आणि सगळं नितळ.
जखम पाझरेल तसं ते सैल होणार,
एकेकाला सोडत राहणार,
घाई न करता.

संमतीचा कागद पाच पानी होता,
कमिटीच्या मराठीत.
त्यात गटार हा शब्द नव्हता. मी तोंडी सांगितला.
मथुराबाईंनी पदर नाकाला लावला.
हसुराम बराच वेळ पायाकडे बघत राहिले.
"आमचे खारीनशी?"
हो. खाडीच्याच वरच्या नाल्यातलं.
"खारीन दिला, खारीच नेल."
मग अंगठा पुढे करता करता,
"ना या खारीचा उतारा कोनाचे नावावर हाय?"
मला माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी द्राक्षं गेली.
नवव्या दिवशी तळाशी डाळिंबी लाल, दाणेदार.
मी कुणालाच फोन केला नाही.
चौदाव्या दिवशी पट्टीवर पुन्हा तो हिरवा ठिपका :
उरलेल्यांनी दाराची कडी बदलली होती.

पुन्हा दोरी, पुन्हा बाटली,
या वेळी घणसोलीचा नाला,
सात बशा कोऱ्या, आठवीत भोकं.
पुन्हा खरवस.

करंगळी गेलीच शेवटी.
बाकी पाय आहे.
ते जे कोट्यवधी होते
त्यांचं खाणं संपलं आणि तेही संपले.
शेवटच्या तपासणीत दोघंही सापडले नाहीत,
मारणारे आणि मेलेले,
आणि मला उगीचच वाटलं
कुणीतरी निघताना सांगून जायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेत जवळ्याची पुडी आली,
वर्तमानपत्रात बांधलेली, दोन किलो तरी.
फ्रिजवर पाटी आहे : खाद्यपदार्थ ठेवू नयेत.
म्हणून पुडी दिवसभर माझ्या पिशवीत,
पिशवी खांद्याला, बाटली दोरीला,
आणि वॉचमन नाक वर करून,
"मॅडम, मासे?"
आज हो म्हणते.
तो रजिस्टर उघडतो, पेन झटकतो,
लिहितो : पाणी.