वीस किलोच्या पटीत

कुपवाड रोडला आमचा काटा आहे.
आमचा म्हणजे मालकाचा, मी नुसता खिडकीत बसतो.
हळदीची गाडी येते. भरल्या गाडीचं वजन, रिकामीचं वजन,
वजाबाकी होते, पावती फाटते.
कुणी हुज्जत घातलीच तर काचेवर टकटक करतो,
आकडा दाखवतो. विषय संपतो.

शर्वीचं पोट आखाडापासून दुखतंय.
बेंबीभोवती. येतं, पिळवटतं, जातं.
बहुतेक सकाळी, पण रविवारीसुद्धा.
हे मी मुद्दाम पावतीबुकाच्या मागं लिहून ठेवलं,
कारण मगदूम डॉक्टर म्हणाले होते,
शाळेचं दुखणं असेल.

शाळेच्या आधी ते जंत होते.
जंताचं औषध गुलाबी, ते तिला आवडलं.
मग मिरजेला सोनोग्राफी,
अंधारी खोली, पोटावर गार बुळबुळीत काहीतरी,
आणि कागदावर एक ओळ: आतल्या गाठी किंचित सुजलेल्या.
ही ओळ एका डॉक्टरांनी इतकी हलकी वाचली
की येताना आम्ही भडंग घेतलं.
दुसऱ्यांनी वाचली आणि पेन खाली ठेवलं.
अपेंडिक्स म्हणाले. वाट बघू नका म्हणाले.
तिसऱ्यांनी तीच फिल्म ट्यूबलाइटकडे धरून विचारलं,
"कोण म्हणालं अपेंडिक्स?"
आम्ही नाव सांगितलं नाही.
पोर आपलं आजारी, त्यात वाईटपणा कुणाशी घ्या.

दूध बंद. मग दूध चालू, गहू बंद.
तिच्या आईनं तळहाताएवढ्या भाकऱ्या थापल्या,
शर्वीनं कौतुकानं दोन खाल्ल्या
आणि रात्री अडीचला उठून बसली
गुडघे पोटाशी घेऊन, आवाज न करता.
रडली असती तर बरं झालं असतं.
सहा वर्षांचं माणूस
कुणाची झोप मोडू नये म्हणून दात आवळतं,
ते कुठल्या तपासणीत येतं?

कागद सगळे साडीच्या दुकानाच्या पिशवीत.
पिशवीवर नवरा-नवरी हसतात.
प्रत्येक केबिनमध्ये ती हसत टेबलावर चढतात.

"दहापैकी किती दुखतं, बाळा?"
"मला शंभरपर्यंत येतात," ती म्हणाली.

"कुठं दुखतं, दाखव."
तिनं सगळा पंजा ठेवला.
बोट ठेवलं नाही, म्हणजे काळजी नको, असं एकजण.
पुढच्या दाराशी नंबर लागला तेव्हा
माझा शर्ट ओढून हळूच विचारते,
"बाबा, इथं बोट दाखवायचं का हात?"
मी पाण्याची बाटली भरायला म्हणून
जिन्यापर्यंत जाऊन आलो.

काल शेवटची गाडी गेल्यावर
मी तिला काट्यावर उभं केलं.
सोळा चाकं मावतात त्या लोखंडी पत्र्यावर
एकटी, पिवळ्या धुळीत, चप्पल काढून.
(चप्पल काढायला मी सांगितलं नव्हतं.
दवाखान्यात सांगतात.)
आमचा काटा वीस किलोच्या पटीत बोलतो.
त्याच्या खालचं त्याला कळत नाही.
दवाखान्यात ती सतरा भरते. दिवाळीत साडेसतरा होती.
खिडकीतला लाल आकडा जरा अडखळला
आणि म्हणाला: वीस.

"तीन किलो वाढले!"
तिनं उडी मारली. शून्य.
आपटली. चाळीस.
थांबली, पुन्हा वीस.
मी पटी समजावून सांगितल्या नाहीत.
आयुष्यात पहिल्यांदा मी काटा मारू दिला.

पावती पाहिजेच म्हणाली.
गाडी नंबर विचारला, तिनं घराचा नंबर सांगितला.
माल काय लिहू? "मी."
रिकाम्या गाडीच्या रकान्यात
मी काही लिहिलं नाही. पेन तिथं नेलंही नाही.

ती पावती आता पिशवीत सगळ्यात वर आहे.
सोमवारी चौथ्यांकडे जायचंय, पुण्याहून येतात.
आज सकाळी पुन्हा दुखलं.
तिनं हात ठेवला, मग एक बोट,
मग माझा हात ओढून नेला आणि
जरा डावीकडं, जरा वर,
नाही, आधी होता तिथंच बरा होता.