शेवाळ लावताना

ग्लॉसपच्या स्टेशनबाहेर सात माणसं, सात डबे,
आणि ट्रेमध्ये शेवाळाची रोपं,
एकेक जेमतेम सुपारीएवढं.
डेरेक ऑलरेनशॉ, निवृत्त गॅस-फिटर, म्हणाला,
पायाखाली बघून चला,
वर जमीन कमी आणि पाणी जास्त आहे.

आमच्या विहिरीला चौदा पायऱ्या होत्या.
दर रविवारी काथ्याने घासायचे मी त्यांचं शेवाळ.
आई वरून ओरडायची,
मुळासकट काढ गं, कुणाचा तरी पाय मोडेल!
आता बावन्नाव्या वर्षी, गुडघे चिखलात रोवून,
बोटाने भोक पाडते, रोप ठेवते, हलकेच दाबते.
तेच हात.
याला मूळ नसतंच, डेरेक सांगतो,
नुसतं पाणी धरून राहतं.
मी थोडा वेळ काही बोलत नाही.

डोंगर करपलेल्या भाकरीसारखा.
मँचेस्टरच्या चिमण्यांचा धूर
शे-दीडशे वर्षं पावसातून उतरत राहिला इथे.
(चिमण्या म्हटलं की मला अजून आधी पाखरंच दिसतात.)
शेवाळ मेलं, माती उघडी पडली,
वारा नेतोय, ओहोळ नेतायत.
कापूस कुठला यायचा? मी विचारलं.
अमेरिकेचा. तिकडे युद्ध पेटलं तेव्हा तुमचा.
म्हणजे आमच्या वऱ्हाडातल्या कुणा खापरपणज्याच्या
बैलगाडीचाही या काळेपणात वाटा आहे,
आणि त्याला त्याचे किती पैसे मिळाले
हे विचारायला आज कुणी उरलेलं नाही.

दुपारी ओहोळात दगड रचले.
डेरेक त्याला बंड म्हणतो, मी बांध.
त्याला सांगितलं, आमच्याकडे बंड म्हणजे
राजाविरुद्ध उठणं.
तो हसला, मग म्हणाला, हेही तेच की,
वीतभर उंचीचं.
पाणी आलं, अडलं, गोंधळलं,
आणि बसलं.

वर्षाला एक मिलिमीटर.
एवढीच जमीन तयार होते, सगळं नीट झालं तर.
सोबतच्या कॉलेजातल्या मुलीने मोबाइलवर हिशेब केला
आणि मोबाइल खिशात ठेवून दिला.
डेरेक त्र्याहत्तर वर्षांचा आहे.
त्याने पुढचा ट्रे उघडला.

घरी सिंकमध्ये हात धुतले.
नखांखाली निघाला तेवढा चिखल
साचायला तीन वर्षं तरी लागली असतील;
तो नळाच्या पाण्याबरोबर गेला,
आणि नळाचं पाणी त्याच माळावरून येतं.

सकाळी नवरा मागच्या दारात उभा,
हातात ब्लीचची बाटली, खराटा.
फरशीवर बघ किती शेवाळ आलंय, म्हणाला,
घसरायचं कुणीतरी.

राहू दे, म्हटलं.
जपून चाल.