हवा कुठून घ्यायची

दुष्यंत मत्तेची गाडी दोन दारांची,
पुण्याहून ट्रकवर बसून आली, सेकंडहँड.
वणीत तिला शोभेल असा रस्ता एकच,
तोही डंपरांचा.
टर्बो आहे. लिंबाएवढं चाक,
मिनिटाला लाखावर फेरे.
हवा ओढते, दाबते, इंजिनाच्या घशात कोंबते.
दुष्यंतला त्या ओढण्याचा आवाज पाह्यजे.
कंपनीनं तो डब्यात कोंडून ठेवला म्हणे.

तीन खोकी मांडली त्यानं माझ्या बाकड्यावर.
एक उघडा शंकू, लाल, तेल लावलेल्या कापडी जाळीचा.
एक कार्बनचा, झाकणवाला. किंमत ऐकून
गोलूनं हातातला पाना खाली ठेवला.
अन् एक लांब नळी, बंपरच्या मागं पार खाली
थंड हवेत तोंड काढणारी.
"लीलाधरभाऊ, कोणतं?"

मी म्हटलं, आधी कंपनीचा डबा उघड.
दीड महिन्याचा कागद.
घड्यांमध्ये कोळसा, काजळासारखा बारीक,
त्याच्यावर जिनिंगची पांढरी लव,
जशी कोणी दुलई पांघरली.
ही आपल्या गावची हवा, बाबू.
खोकी बनवणाऱ्यानं ही पाह्यली नाही.

नळी पहिली बाद.
निर्गुडेच्या रपट्यावर पोळ्यापर्यंत पाणी,
ही तिथं तोंड लावून पिऊन घेईल
अन् पाणी काही हवेसारखं दाबल्या जात नाही,
आतला दांडा वाकते.
पिदूरकर डॉक्टरचा वाकलेला दांडा
अजून माझ्या खिडकीत आहे, पडद्याला.
कार्बनचा त्यानंच बाद केला, काकाला फोन लावून.

उरला शंकू.
बॉनेटखाली, उघडा, इंजिनाच्या शेजारी.
मे महिन्यात बाहेर सत्तेचाळीस, आतलं विचारू नको.
गरम हवा म्हणजे पातळ वरण,
पोट भरते, जोर येत नाही.
मी हे सांगून राह्यलो अन् तो
मोबाईल कानाला लावून कोणाच्या तरी गाडीचं
फुस्स ऐकून राह्यला.
पुन्हा. पुन्हा.
जत्रेत पिपाणी मागणाऱ्या पोराचं तोंड.

बाप मागं बाजेवर होता.
जिनिंगमध्ये बत्तीस वर्षं फिटर, तोंडाला दुपट्टा.
आता निळा पंप ओढते, दिवसातून चारदा.
त्यानं शंकू मागितला, जाळी नखानं खरवडली,
नाकाशी नेली.
"कापूसच आहे बे हा," म्हणे. "आपल्याकडचा नाही."
हसला. मग बराच वेळ खोकला.
खोकून झाल्यावर म्हणे,
"मधात पत्रा घाल."

तेलाचा पंधरा किलोचा पिपा फाडला.
गोलूनं धरला, मी वाकवला,
धारेला जुन्या दाराचं रबर.
हेडलाइटच्या मागून हवेला वाट केली,
गुडघ्याच्या वर.
पिप्यावरचं सूर्यफूल आतल्या बाजूनं राह्यलं,
शंकूकडे तोंड करून.
जाळीचं जास्तीचं तेल टिपून घेतलं,
नाहीतर सेन्सरवर बसते, अन् गाडी बहकते.

अट घातली: जिनिंगा चालू आहेत तोवर
दर शनिवारी शंकू धुवायला आणायचा.
डंपरच्या मागं असताना पाय हलका.
हो म्हणाला.
हो तर सगळेच म्हणतात.

ताकद वाढली का?
खरं सांगू, दोनचार घोडे, अन् तेही पहाटेचे.
पैसे मी पूर्ण घेतले.

रात्री अकराला तो घुग्गुसच्या रस्त्यानं गेला.
आधी ओढ, लांब, आत आत जाणारी,
जसं कोणी विहिरीत वाकून श्वास घ्यावा,
मग फुस्स.
"तिसरा टाकला," मी म्हटलं.
बाजेवरून उत्तर नाही. पंप हलवल्याचा खळखळ आवाज,
एक ओढ त्याचीही.
तिकडे चौथा.

"शनिवारी आला नाही," अंधारातून बाप म्हणाला,
"तर तू जाजो त्याच्या घरी."